बारा मिनिटांत किती मीटर?



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका मित्राचा फोन आला. म्हणाला, "व्यायामशास्त्राच्या प्राध्यापकांची निवड, यात तासभर बोलण्यासारखं काय आहे? दंड-बैठका मोजायच्या आणि ऑर्डर हातात द्यायची." मी हसलो. पण खरं सांगायचं, तर त्याची थट्टा वस्तुस्थितीपासून फार लांब नव्हती.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालकाच्या निवडीसाठी मी विषयतज्ज्ञ म्हणून गेलो होतो. सकाळी सातची वेळ, मैदानावर ताजी फक्की मारलेली, एका हातात शिट्टी आणि दुसऱ्या हातात स्टॉपवॉच घेतलेले शिक्षक. या पदासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने शारीरिक क्षमतेची चाचणी घालून दिली आहे. पुरुषांनी बारा मिनिटांत तिशीपर्यंत 1800 मीटर, चाळिशीपर्यंत 1500, पंचेचाळिशीपर्यंत 1200 आणि पन्नाशीपर्यंत 800 मीटर अंतर कापायचं. स्त्रियांना आठ मिनिटं, आणि अंतर 1000 पासून 400 पर्यंत उतरत जाणारं. बारा मिनिटांत 800 मीटर म्हणजे ताशी चार किलोमीटर. मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आपण याच वेगाने परततो.

त्या दिवशीचा एक उमेदवार त्रेचाळीस वर्षांचा होता. कबड्डीपटूंच्या हृदयगतीवर त्याची पीएच.डी. होती. तिसरी फेरी संपता संपता त्याच्या पोटरीत गोळा आला, तरी त्याने 1200 मीटर वेळेत पुरे केले. दुपारी मुलाखतीत त्याला पहिला प्रश्न आला: आंतरविद्यापीठ स्पर्धांना किती संघ नेलेत? प्रबंधातली नोंद कशी घेतली, कोणत्या उपकरणाने घेतली, हे विचारायची माझी पाळी येईपर्यंत चहा आला होता.

ही बारा मिनिटं आली कुठून? अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांच्याकडून. माणसाचं शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, हे प्रयोगशाळेत मोजायचं तर ट्रेडमिल लागतो, तोंडाला नळी लागते, वायूचं पृथक्करण लागतं. कूपर यांनी 115 जवानांना आधी मैदानावर बारा मिनिटं पळवलं, मग प्रयोगशाळेत मोजलं आणि दोन्ही आकडे एकमेकांशी चांगलेच जुळतात हे 1968 साली दाखवून दिलं. म्हणजे ही चाचणी एका संशोधकाच्या प्रश्नातून जन्मली. आपण ती चाचणी उचलली. तो प्रश्न विचारणारा माणूस मात्र नेमला नाही. मला आज बोलायचं आहे ते एवढंच.

अशी माणसं विद्यापीठात येतात कशी, हे पाहायला आपण बोस्टनला जाऊ. हार्वर्डची 'फटीग लॅबोरेटरी', म्हणजे थकव्याची प्रयोगशाळा, 1927 साली सुरू झाली. तीही कुठे, तर व्यापारशिक्षणाच्या शाळेत, मॉर्गन हॉलच्या तळघरात! कामगार थकतो तेव्हा त्याच्या शरीरात नेमकं काय होतं, हा कारखानदारीला पडलेला प्रश्न होता. त्यामुळे जागा तिथे मिळाली. मागे उभे होते लॉरेन्स हेंडरसन, जीवरसायनाचे माणूस. दैनंदिन कारभार डेव्हिड ब्रूस डिल यांच्याकडे; तेही रसायनशास्त्रातले. ड्रिल मास्तर कुणीच नव्हता.

पण धावणाऱ्याला दार बंद नव्हतं, हेही सांगायला हवं. सिड रॉबिन्सन हे 1928 च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये 1500 मीटर धावलेले. ते या तळघरात आले आणि त्यांनी सहा वर्षांच्या पोरापासून 91 वर्षांच्या आजोबांपर्यंत सगळ्यांना ट्रेडमिलवर चढवून, वयाबरोबर दम कसा उतरत जातो त्याचा आलेख काढला. 1938 चं ते काम आजही उद्धृत होतं. क्लॅरेन्स डीमार हा पेशाने छपाई कामगार, बोस्टन मॅरेथॉन सात वेळा जिंकलेला. तोही इथे मोजून घ्यायला आला. तो पळत असताना त्याच्या रक्तात लॅक्टिक आम्ल इतरांपेक्षा फारच कमी साठतं असं आढळलं. निवडीची कसोटी काय होती म्हणाल, तर पदवी कोणत्या विभागाची हे नव्हे. माणसाकडे प्रश्न आहे का आणि तो मोजायची हातोटी आहे का, हे.

1947 साली ही प्रयोगशाळा बंद पडली. तिथली माणसं मात्र विखुरली आणि जिथे गेली तिथे त्यांनी नवी बिऱ्हाडं थाटली. रॉबिन्सन तर त्याआधीच इंडियाना विद्यापीठात परतले होते, आणि तिथे संशोधकांची एक फळी उभी राहिली. तुळस मोडली तरी मंजिऱ्या अंगणभर उगवतात, तसं झालं.

ती बंद पडली तेव्हा हार्वर्डचे अध्यक्ष होते जेम्स कॉनंट. याच कॉनंट यांनी 1963 साली शिक्षक-प्रशिक्षणावर पुस्तक लिहून शारीरिक शिक्षणातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांवर कोरडे ओढले. हे अभ्यासक्रम बंदच करावेत म्हणाले. टीका झोंबली. पुढच्याच वर्षी बर्कलीचे फ्रँकलिन हेन्री यांनी उत्तर दिलं: शारीरिक शिक्षण ही स्वतंत्र ज्ञानशाखा आहे, आणि तिचा गाभा शिकवण्याच्या तंत्रात नसून हालणाऱ्या माणसाच्या अभ्यासात आहे. हेन्री स्वतः मानसशास्त्राचे. इथून विभागांच्या पाट्या बदलू लागल्या. 'फिजिकल एज्युकेशन' पुसून 'किनिसिऑलॉजी' आलं, 'एक्सरसाइज सायन्स' आलं, आणि पाटीबरोबर जाहिरातीही बदलल्या.

आज तिकडे असा प्राध्यापक नेमताना दोन दिवस उमेदवाराला बोलावतात. एक तास तो आपलं संशोधन सर्वांसमोर मांडतो. त्याला 'जॉब टॉक' म्हणतात. मग जेवणावळी, विद्यार्थ्यांशी गप्पा, डीनची भेट. आणि मग खरी घासाघीस: प्रयोगशाळा उभारायला 'स्टार्ट-अप' म्हणून किती देता? श्वासातले वायू मोजणारं यंत्र, जमिनीत बसवायची फोर्स प्लेट, हाडांची घनता पाहणारं डेक्सा. ही रक्कम काही लाख डॉलरपर्यंत जाते. पुढची पाच-सहा वर्षं त्याने बाहेरून अनुदानं आणायची, शोधनिबंध छापायचे; नाही जमलं तर कायमची नोकरी नाही.

मी त्यांची आरती ओवाळायला उभा नाही. या रीतीत खेळाचा इतिहास लिहिणारा किंवा मैदानावरच्या जातीपातीचा अभ्यास करणारा मागे पडतो, कारण त्याला मोठी अनुदानं मिळत नाहीत. विभागात स्नायू उरतो, माणूस निसटतो. तरी एक गोष्ट त्यांना कळली आहे: संशोधक नेमायचा म्हणजे त्याच्यासाठी खोली, यंत्र आणि वेळ नेमायचा.

आपल्याला हे नवीन नाही, याचं वाईट वाटतं. हार्वर्डच्या तळघराच्या तीन वर्षं आधी, 1924 साली, लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापलं. उड्डियान करताना पोटात काय होतं, नौलीत दाब किती उतरतो, हे क्ष-किरणांनी आणि दाबमापकाने पाहिलं आणि 'योगमीमांसा' या नियतकालिकात छापलं. बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात शरीर कमावलेला हा माणूस! आखाडा आणि प्रयोगशाळा एका माणसात नांदू शकतात, याचा पुरावा आपल्या घाटमाथ्यावर आहे. आणि आपल्या बहुतेक महाविद्यालयांत या शाखेचा माणूस एकच, त्याचं दालन जिमखान्यात, खांद्यावर चेंडूंची जाळी.

त्या त्रेचाळीस वर्षांच्या उमेदवाराचं एक सांगायचं राहिलं. शेवटची शिट्टी वाजल्यावर बाकीचे गवतावर आडवे झाले. हा उभाच राहिला, दोन बोटं मनगटावर ठेवून. पंधरा सेकंद मोजले, एक मिनिट थांबला, पुन्हा मोजले, आणि खिशातल्या हॉल तिकिटाच्या पाठीवर दोन आकडे लिहिले. कुणी सांगितलं नव्हतं.

त्याची निवड झाली. पुढे भेटला तेव्हा विचारलं, सध्या काय चाललंय? म्हणाला, "सर, क्रीडा सप्ताह आलाय. चषकांसाठी तीन कोटेशनं मागवलीत, दोनच आलीत."