इंजिनाची पुली बसवताना



आज आपण एका लहान चाकाविषयी बोलू. ट्रॅक्टरचे इंजिन पुढून पाहा. खाली, मधोमध, एक खाचेचे चाक दिसते. ते क्रँकशाफ्टच्या टोकावर बसवलेले असते. त्यालाच पुली म्हणतात. तिच्यावरून पट्टा जातो. तो पट्टा पंखा फिरवतो, पाण्याचा पंप फिरवतो आणि बॅटरी भरणारा डायनामोही फिरवतो.

आता विचार करा. पुली सैल झाली तर काय होईल? पट्टा थांबेल. पट्टा थांबला की पंप थांबेल. रेडिएटरमध्ये पाणी असून ते फिरणार नाही. इंजिन तापेल आणि जाम होईल. ते सुद्धा ऐन पेरणीत! म्हणून म्हणतो, चाक लहान, पण काम मोठे.

आपल्या देशात ट्रॅक्टर बनू लागले १९५९ साली. पहिला ट्रॅक्टर फरीदाबादच्या आयशर कारखान्यातला. पुढे मद्रासला टाफे आणि मुंबईला महिंद्र कंपनीने ट्रॅक्टर काढले. जुने ट्रॅक्टर लोक अजून दुरुस्त करून वापरतात. मॅसी फर्ग्युसन १०३५ हा त्यांतलाच एक. त्याला तीन सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे डिझेल इंजिन असते. अशा इंजिनाविषयीच आपण बोलत आहोत.

इंजिन खोलून पुन्हा जोडताना मिस्त्री पिस्टन, रिंगा, बेअरिंगे यांच्याकडे फार लक्ष देतो. पुली मात्र शेवटी येते. तेव्हा सगळ्यांना घाई झालेली असते. मग कोणीतरी हातोडा उचलतो. हे करू नका! पुली बिडाची असते. बीड ठोकले की चिरते. शिवाय घाव आत क्रँकला लागतो. क्रँक मागेपुढे सरकू नये म्हणून आत पातळ चकत्या असतात. त्यांनाही इजा होते.

मग कसे करावे? पायरीपायरीने सांगतो.

पहिली गोष्ट, चावी. क्रँकच्या टोकाला एक खाच असते. पुलीच्या भोकातही तशीच खाच असते. दोन्हींच्या मध्ये लोखंडाची चावी बसते. कुठे ती सरळ असते, कुठे चंद्रकोरीसारखी. जुनी चावी हातात घेऊन पाहा. कडा झिजल्या असतील तर नवी घ्या. चावी स्वस्त आहे, क्रँक महाग आहे. सैल चावीवर इंजिन चालवले, तर हिसके बसून क्रँकची खाचच रुंद होते. मग दोन पैशांची बचत हजारोंना पडते.

दुसरी गोष्ट, ऑइल सील. पुलीचा मागचा गळा या सीलमधून आत जातो. सीलचा रबरी ओठ गळ्याला चिकटून राहतो, म्हणून तेल बाहेर येत नाही. वर्षानुवर्षे घासून गळ्यावर चर पडतो. नख फिरवून पाहा. नख अडकले तर नवे सील घालूनही तेल गळेल. अशा वेळी गळ्यावर पातळ बाही चढवून घ्यावी, किंवा पुलीच बदलावी. सील बसवताना त्याची स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे असावी. ओठाला थोडे तेल लावा. कोरडा ओठ लगेच जळतो.

तिसरी गोष्ट, पुढचे झाकण. त्याचे बोल्ट आधी सैलच ठेवा. पुली आत सरकवा, म्हणजे सील आपोआप मधोमध येते. मगच झाकणाचे बोल्ट आवळा.

चौथी गोष्ट, पुली चढवणे. क्रँकचे टोक आणि पुलीचे भोक स्वच्छ पुसा. कुसळे निघाली असतील तर बारीक कानशीने काढा. पुली घट्ट जात असेल, तर ती उकळत्या पाण्यात थोडा वेळ ठेवा. लोखंड तापले की पसरते. भोक केसाच्या जाडीपेक्षाही कमी वाढते, पण तेवढे पुरते. जाड फडक्याने धरून काढा, कोरडी पुसा, चावीची खाच समोर आणा आणि सरळ सरकवा. स्टोव्हच्या ज्योतीवर एकाच जागी तापवू नका. पुली वाकडी होते.

उरलेले अंतर पुढच्या बोल्टने किंवा नटाने ओढून घ्या. मात्र त्याचे पुष्कळ आटे आत गेलेले असावेत. दोन-चार आट्यांवर जोर दिला तर आटे उडतात.

पाचवी गोष्ट, आवळणे. चावी पुलीची जागा धरते, पण खरी पकड आवळण्याने येते. किती आवळायचे हे इंजिनाच्या पुस्तकात लिहिलेले असते. जोर मोजणारा पाना मिळतो, त्याला टॉर्क पाना म्हणतात. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला दहा किलोचा जोर दिला, तर तो झाला दहा किलो-मीटर. पुस्तकातला आकडा वाचा आणि पान्यावर तोच लावा. आता तुम्हाला आकडे वाचता येतात. मग अंदाजावर का राहावे? नटाखाली वाकवायची पत्री असेल तर नवी घाला आणि तिची कड नटावर वाकवा.

शेवटी इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. अडकता कामा नये. तिन्ही पुल्या एका रेषेत आहेत का, हे दोरी ताणून पाहा. रेषा चुकली तर पट्टा कडेने झिजतो. पट्टा अंगठ्याने दाबा. साधारण एक सेंटीमीटर दबला तर ठीक. नक्की आकडा पुस्तकात पाहा.

एक गोष्ट विसरू नका. मिनिटाला दोन हजार फेरे म्हणजे सेकंदाला तेहतीस. एवढ्या वेगात धोतराचा सोगा, पदर की बोट, पट्टा काहीच सोडत नाही. पट्ट्याला हात लावायचा तो इंजिन बंद करूनच. पोरांना दूर ठेवा.

इंजिन सुरू केल्यावर पहिला अर्धा तास जवळ थांबा. तेल गळते का, पुली डगमगते का, पाणी तापते का, हे पाहा. एवढे पाहिले की मगच ट्रॅक्टर शेतात न्या.