छडी गेली, 20 गुण आले



सकाळपासून शिक्षकांच्या या संमेलनात मी मुकाट ऐकतो आहे. उद्घाटनाच्या भाषणात छडी आली, परिसंवादात छडी आली, दुपारच्या कविसंमेलनात तर एका कवीनं छडीवर आख्खी कविता वाचली आणि तुम्ही तिला वन्समोअर दिलात. आमच्या मास्तरांनी फोडून काढलं म्हणून आम्ही घडलो, हे वाक्य मराठी माणूस साठीच्या सत्काराला हटकून बोलतो. आत्मचरित्रातही लिहितो, आणि प्रस्तावनाकार त्यावर मान डोलावतो. मला या वाक्याचा राग आहे. अध्यक्षपदाची शाल खांद्यावर आहे म्हणून तो मी गिळणार नाही.

मार खाऊन जे शिकले त्यांनी आत्मचरित्रं लिहिली. मार खाऊन सातवीत दप्तर फेकलं आणि वीटभट्टीवर, ऊसतोडीला, गॅरेजात गेले, त्यांनी काय लिहायचं? त्यांची साठी कोण साजरी करतं? टिकलेल्यांची साक्ष काढायची आणि गळालेल्यांची हजेरीसुद्धा घ्यायची नाही, आणि या जोरावर निकाल द्यायचा की छडीनं विद्या येते! साहित्यिक म्हणवणाऱ्यांना तरी हे शोभत नाही. प्रेमानं शिकवणारेही आपल्यात होऊन गेले: साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत, तिथलं छात्रालय सांभाळत. मुलांची अंथरुणं ते स्वतः आवरत. त्यांच्या ‘श्यामची आई’वर 1953 साली चित्रपट निघाला, आणि त्या चित्रपटातलं आपण सर्वांत जास्त काय गुणगुणलं, तर छडीचं गाणं. गुरुजी राहिले बाजूला.

आता जे गुरुजींचं नाव घेऊन आम्हा शिक्षकांना प्रेमाचं प्रवचन देतात, त्यांच्याकडे वळतो. गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरला होते आणि छात्रालयातल्या पोरांबरोबर चोवीस तास होते. कुणाच्या घरून मनीऑर्डर आली नाही, कोण रात्री रडतो, हे त्यांना माहीत असे. आजच्या शिक्षकाला तासिका मिळते 35 मिनिटांची. समोर साठ-सत्तर पोरं. हजेरी होईस्तोवर पाच-सात मिनिटं गेली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नं जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामं शिक्षकाला देता येतील असं म्हटलं, आणि शासनानं ‘निवडणूक’ या दारातून बीएलओचं, म्हणजे मतदारयाद्यांचं, बारमाही काम आत आणलं. उरलेला वेळ यू-डायस, सरल आणि शालार्थ या माहिती भरण्याच्या पोर्टलांना. प्रेम करायचं म्हटलं तरी माणूस वर्गात असावा लागतो ना? नववी ‘ब’मध्ये गोंधळ चालू असतो तेव्हा आधी बघा, तो तास कुणाचा आहे. बहुतेक वेळा तो मोकळा तास असतो. गोंधळ मुलांचा, पण मोकळा तास आपला.

आणि जो वर्गात आहे त्याची अवस्था? माध्यमिकचा शिक्षणसेवक तीन वर्षं 18,000 रुपये मानधनावर. त्याचा अंशतः अनुदानित तुकडीवरचा मित्र टप्पा अनुदानाच्या 20 टक्क्यांवर, वर्षानुवर्षं आझाद मैदानाच्या वाऱ्या करत. ज्याला शाळा माणसासारखं वागवत नाही, त्यानं मुलांना वागण्याचा आदर्श घालून द्यायचा. व्यासपीठावर काही संस्थाचालकांचे चेहरे अवघडले आहेत, ते मला दिसतंय. अवघडू द्या.

एवढं बोलून झाल्यावर तुम्हाला वाटेल, अध्यक्ष आपल्या बाजूचे आहेत. थांबा. तुमचाही हिशेब काढायचा आहे.

शिक्षक वर्गाबाहेर जाताना मॉनिटरला काय सांगतो? बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिही. मॉनिटर नावं लिहितो, पुन्हा बोललं की पुढे फुली मारतो, दोस्ताचं नाव पुसतो, ज्याच्याशी वैर त्याच्या नावापुढे तीन फुल्या. वर्गातल्या सगळ्या मुलांना आपण रोज शिकवतो की सत्ता म्हणजे खडू आणि न्याय म्हणजे ओळख. नागरिकशास्त्राचा तास त्यानंतर असतो.

छडी गेली म्हणून रडणाऱ्यांनी छडीच्या जागी काय आणलं, तेही बोलू. ‘तोंडीचे 20 गुण माझ्या हातात आहेत, लक्षात ठेव’, हे वाक्य न उच्चारलेला दहावीचा शिक्षक मला दाखवा. 2019 च्या दहावीला भाषा विषयांचे ते गुण काढून टाकले होते. राज्याचा निकाल 2018 साली 89.41 टक्के होता, तो 77.10 वर घसरला. ओरड झाली, गुण परत आले, 2020 चा निकाल 95.30 टक्के. 2019 ला अभ्यासक्रम नवा होता, 2020 ला करोनात भूगोलाचा पेपर रद्द झाला, ही कारणंही आहेत, मान्य. पण आपण सगळे जाणतो की वर्षभर ज्याला 20 गुणांची धमकी दिली त्यालाही फेब्रुवारीत आपण 18 देतो. मुलगा यातून शिकतो ते एवढंच, की सरांचा नियम म्हणजे नुसता आवाज. नियम कडक असल्यानं मुलं बिघडत नाहीत आणि सौम्य असल्यानंही नाहीत. खोटा नियम त्यांना लगेच कळतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये आपण कॉपीमुक्तीची शपथ देतो. त्याच वेळी परीक्षा केंद्राच्या खिडकीखाली कोण उभं असतं आणि आतून कोण त्याला वेळ कळवतं, याची चर्चा स्टाफरूममध्ये होते, संमेलनात होत नाही. पुढे जातो.

माझ्या मते माध्यमिक शाळेतल्या बेशिस्तीचं मूळ नववीच्या वर्गात, तिसऱ्या-चौथ्या बाकावर बसलेलं असतं. पहिली ते आठवी कुणाला नापास करायचं नाही, हे धोरण आपण वर्षानुवर्षं राबवलं. त्याला माझा विरोध नाही. पण नापास करू नका याचा अर्थ आपण शिकवू नका असा लावला. मुलगा नववीत आला, त्याला परिच्छेद वाचता येत नाही. मराठीच्या तासाला बाई म्हणतात, ऊठ, पुढचा उतारा वाच. पंधरा वर्षांचा पोरगा, मागच्या रांगेत मुली. त्याच्यापुढे दोनच वाटा आहेत. अडखळत वाचून ‘ढ’ ठरायचं, नाहीतर असं काहीतरी बोलायचं की बाई चिडून त्याला वर्गाबाहेर काढतील. ‘ढ’ ठरण्यापेक्षा मवाली ठरणं त्याला परवडतं. बाई त्याला बाहेर काढतात आणि त्याची सुटका होते. उद्याही तो हेच करणार, कारण शिक्षा म्हणून त्याला हवं तेच आपण दिलं. या मुलाला मारून वाचता येईल? केस कापून येईल? पालकांना बोलावून येईल? पालक मजुरी बुडवून येतील, मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर तासभर उभे राहतील आणि घरी जाऊन त्याला बडवतील. वाचन जिथल्या तिथे.

केस कापण्यावरून आठवलं. भांग, लाल रिबिनी, काळे बूट, यांतच आपली शिस्त अडकली आहे. वाडीवरची एसटी उशिरा येते आणि फाटकाबाहेर उन्हात उभं राहतं पोर. एसटीचं वेळापत्रक त्यानं लावलं का? खेड्यातलं, पाड्यावरचं पोर घरच्या बोलीत शिक्षकाला एकेरी हाक मारतं, की ते उद्धट. महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे मागितलेला प्राथमिक शिक्षक शेतकरी वर्गातला, वेळ आली तर नांगराला हात घालायला न लाजणारा होता. असा माणूस त्या एकेरी हाकेला दचकला नसता. तिला उत्तर देऊन मग शाळेत कसं बोलायचं तेही त्यानं शिकवलं असतं. ‘शिकवलं असतं’ म्हणतो आहे मी. वर्तन हा शिकवण्याचा विषय आहे. त्रैराशिक चुकलं तर आपण पुन्हा समजावतो. रांग चुकली तर मात्र कानाखाली.

काही मित्र मला खासगीत सांगतात की शारीरिक शिक्षेला बंदी करणारं कलम 17 शिक्षण हक्क कायद्यात, म्हणजे सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठीच्या कायद्यात आहे, म्हणजे नववी-दहावी मोकळी. एकाच व्हरांड्यात आठवीचा गाल सुरक्षित आणि नववीचा नाही! मित्रहो, 2015 चा बाल न्याय कायदा अठरा वर्षांपर्यंतच्या मुलाला छळापासून संरक्षण देतो, तो वाचा. आणि समजा कुठलाच कायदा नसता, तर तुम्ही मारलं असतं? याचं उत्तर घरी गेल्यावर स्वतःला द्या.

माझ्यासमोर ठरावांचा मसुदा आहे. दुसऱ्या ठरावात शिक्षकांना ‘मर्यादित शिक्षेचा अधिकार’ मागितला आहे. खोट्या तक्रारींपासून संरक्षण मागणारा त्याचा पहिला भाग रास्त आहे, तो ठेवा. शिक्षेचा भाग माझ्या अध्यक्षतेखाली चर्चेशिवाय मंजूर होणार नाही, आणि चर्चा झाली तर मी विरोधात मत देईन. त्याऐवजी मी दुरुस्ती मांडतो, चिटणिसांनी लिहून घ्यावी. शाळेचे नियम पाचांपेक्षा जास्त नसावेत आणि त्यातला प्रत्येक नियम शिक्षक, मुख्याध्यापक व संस्थाचालकांनाही लागू असावा. वेळेवर येण्याचा नियम असेल तर वेळेवर पगाराचाही असावा. शाळा सुरू झाल्यावर पहिला आठवडा हे नियम वर्गावर्गात शिकवण्यात, करून दाखवण्यात जावा. नववीत आलेल्या प्रत्येक मुलाचं वाचन जूनअखेरपर्यंत शिक्षकानं एकट्यात, वर्गासमोर नव्हे, ऐकावं. ज्याला जमत नाही त्याला शाळेच्या वेळातच शिकवावं आणि त्यासाठी शासनानं तासिका मंजूर कराव्यात. कुठल्याही तुकडीला मोकळा तास नसावा. मॉनिटरच्या हातातला खडू काढून घ्यावा.

सूचक म्हणून माझं नाव लिहा. अनुमोदनासाठी हात वर करा. संस्थाचालकांनीही करावा, त्यासाठी व्यासपीठावरून खाली उतरायची गरज नाही.