नाकात जाणारं पाणी उकळलेलंच हवं

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिथली गाठ आता बहुधा नाकातून दुर्बीण घालून काढतात. बाहेर टाका दिसत नाही, म्हणून घरच्यांना वाटतं, बाई बरी झाली! आत मात्र खपल्या धरतात, नाक चोंदतं. त्यासाठी मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं. कधीपासून आणि दिवसातून किती वेळा, हे डॉक्टर सांगतील तसंच.

धाकट्या जावेचं हे ऑपरेशन झालं तेव्हा पाण्याचं काम आम्ही बाकीच्या जावांनी वाटून घेतलं होतं. पाणी खळखळ उकळायचं, झाकून कोमट होऊ द्यायचं. नळाचं किंवा फिल्टरचं पाणी थेट घ्यायचं नाही. पोटात गेल्यावर अपाय न करणारे काही जंतू नाकातून मेंदूपर्यंत पोचू शकतात. मीठ डॉक्टरांनी दिलेल्या पुडीतलं. मोरीपाशी पुढं वाकून, तोंड उघडं ठेवून, बाटली हलक्या हातानं दाबायची. नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडून. जलनेतीनंतर कपालभाती करायची सवय असेल, तर ती सध्या बंद.

धुतल्यावर वाकलं की थोडं पाणी गळतं, त्याला घाबरू नका. पण बऱ्याच वेळानंतरही स्वच्छ पाणी थेंब थेंब गळत राहिलं, घशात खारट लागलं, तर सर्दी समजून काढा देत बसू नका. ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. ताप, मान आखडणं, जोराची डोकेदुखी, अंधुक दिसणं, सारखी तहान आणि लघवी, यांपैकी काहीही झालं तरी डॉक्टरांना लगेच फोन करा, मध्यरात्र असली तरी.