अर्ध्या तासाला एक शब्द

बॉट, म्हणजे प्रोग्राम आपोआप चालवतो ते खातं, म्हटलं की निवडणुकीच्या तोंडावर उगवणारी बनावट खाती डोळ्यांपुढे येतात. ती भीती रास्तच आहे. पण मला आज वेगळ्या बॉटविषयी बोलायचं आहे. ॲलिसन पॅरिश या अमेरिकन कवयित्री आणि प्रोग्रामर. त्यांनी २००७ साली ट्विटरवर ‘एव्हरीवर्ड’ नावाचं खातं सुरू केलं. इंग्रजी शब्दांची यादी, वर्णानुक्रमानं, दर अर्ध्या तासाला एक शब्द. २०१४ मध्ये यादी संपली तेव्हा लाखाहून जास्त शब्द झाले होते. हा बॉट कुणाच्या संभाषणात तोंड खुपसत नसे. तरी आवडता शब्द आला की लोक तो हौसेनं पुढे पाठवत.

असा बॉट मराठी शब्दांसाठी तुम्हीही करू शकाल, आणि कुणीतरी करावाच असं मला मनापासून वाटतं. ट्विटरनं २०२३ मध्ये प्रोग्रामना मिळणारा मोफत प्रवेश फार आवळला, म्हणून मी मॅस्टोडॉन हे समाजमाध्यम सुचवेन. तिथे खातं उघडून सेटिंग्जमध्ये आपलं ॲप नोंदवलं की टोकन मिळतं. ॲपला फक्त पोस्ट लिहिण्याची परवानगी द्या, आणि टोकन बॉटच्या स्क्रिप्टमध्ये लिहू नका. टोकन ज्याच्या हाती, तो तुमच्या नावानं बोलू शकतो. पायथनमध्ये मॅस्टोडॉनसाठी तयार लायब्ररी आहे. शब्दांची फाइल उघडायची, एक ओळ घ्यायची, पोस्ट करायची. दहा-पंधरा ओळींत काम होतं.

खरा विचार पुढेच लागतो. ‘क्रॉन’ हा ठरल्या वेळी कामं सुरू करणारा प्रोग्राम दर अर्ध्या तासाला स्क्रिप्ट चालवतो. काम संपलं की स्क्रिप्ट सगळं विसरते. म्हणून कितवा शब्द झाला तो आकडा वेगळ्या फाइलीत लिहावा लागतो. पण आधी काय करायचं? आकडा आधी लिहिला आणि मध्येच नेट गेलं, तर एक शब्द कायमचा गळतो. पोस्ट आधी केली आणि आकडा लिहायचा राहिला, तर तोच शब्द दोनदा जाऊ शकतो. मी पोस्ट आधी करेन, कारण मॅस्टोडॉनला प्रत्येक पोस्टसोबत एक खूणकिल्ली देता येते. थोड्या वेळात तीच किल्ली पुन्हा आली तर सर्व्हर दुसरी पोस्ट तयार करत नाही.

शब्दासोबत अर्थही देणार असाल, तर मजकूर सहसा ५०० वर्णांत बसवावा लागतो. ‘क्ष’ आपल्याला एक अक्षर. पायथन मात्र क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं मोजतो. आकड्यावर बोट ठेवून कापलंत तर शेवटी पाय मोडका क् उरेल. म्हणून शब्द संपतो तिथेच कापा.

प्रोफाइलमध्ये हे स्वयंचलित खातं असल्याची खूण जरूर करा. वाचणाऱ्याचा तो हक्क आहे. पोस्ट ‘अनलिस्टेड’ ठेवा, म्हणजे सर्वांच्या सामाईक यादीत गर्दी होत नाही. मॅस्टोडॉनचे काही सर्व्हर बॉटना घेतच नाहीत. तेव्हा नियम वाचून, शंका असेल तर चालकाला विचारूनच पहिला शब्द टाका.