होमोसिस्टीन : आकडा आणि आजार
(वार्षिक सभेतील प्रशासकांच्या भाषणाचा मजकूर)



हृदयविकाराच्या तपासण्यांच्या यादीत ‘होमोसिस्टीन’ हे नाव दिसले की ती तपासणी आवश्यक आहे काय, असे नातेवाईक विचारतात. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. रोगनिदान हा माझा प्रांत नव्हे. तथापि रुग्णाचा आणि देणगीदाराचा पैसा सत्कारणी लागावा, हे पाहणे माझे कर्तव्य आहे.

होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल असून, प्रथिनांतून मिळणाऱ्या मेथिओनिनपासून ते शरीरातच तयार होते. ब-१२, ब-६ आणि फॉलिक आम्ल ही जीवनसत्त्वे त्याचे रूपांतर घडवितात. ती अपुरी पडल्यास रक्तातील त्याचे प्रमाण वाढते. १९६९ मध्ये अमेरिकेतील डॉ. किल्मर मॅक्कली यांनी या वाढीचा संबंध रक्तवाहिन्यांच्या विकाराशी जोडला. साहजिकच, हे प्रमाण उतरविल्यास हृदयविकार टळेल, अशी आशा निर्माण झाली.

२००६ मध्ये ‘होप-२’ या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ५,५२२ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना ही जीवनसत्त्वे पाच वर्षे दिली होती. होमोसिस्टीन उतरले, पक्षाघात काहीसे कमी झाले, परंतु हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू लक्षणीयरीत्या घटले नाहीत. ताळेबंदातील एक आकडा सुधारल्याने पेढी सावरतेच असे नाही, तसेच हे झाले.

मग हा आकडा निरुपयोगी काय? तसेही नाही. त्याच वर्षी डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ६७ टक्क्यांमध्ये ब-१२ कमी, तर ५८ टक्क्यांमध्ये होमोसिस्टीन अधिक आढळले. शाकाहारींमध्ये ही उणीव अधिक होती. ब-१२च्या अभावाने रक्तक्षय होतो, हातापायांना मुंग्या येतात, स्मरणशक्ती मंदावते. उपचार स्वल्पखर्ची आहे. विलंब झाल्यास मात्र मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते.

म्हणून माझी नम्र विनंती अशी : घरातील शाकाहारी, वयोवृद्ध किंवा मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्या व्यक्तीस अशी लक्षणे जाणवल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे. स्वतःच्या मनाने केवळ फॉलिक आम्ल घेऊ नये. त्याने रक्तक्षय झाकला जातो आणि मज्जातंतूंची हानी चालूच राहते. रक्तदाब, मधुमेह व कोलेस्टेरॉलची औषधे जीवनसत्त्वांच्या भरवशावर बंद करू नयेत.

देणगीदारांना एवढेच सांगतो : सरसकट महागड्या तपासण्यांपेक्षा गरजू रुग्णाला वेळेवर मिळालेले ब-१२चे साधे इंजेक्शन आपल्या दानाचे अधिक चीज करील.