पांढऱ्या पावाचें आयतें पीठ

पाश्चात्त्य देशांतील दुकानांत पांढऱ्या पावाचें आयतें मळलेलें, गोठविलेलें पीठ विकत मिळतें. गृहिणीनें तें फुगूं द्यावें व भट्टींत भाजावें, एवढेंच काम उरतें. परंतु श्रम वाचले म्हणून पोषण वाढत नाहीं. तें मूळच्या पिठावर अवलंबून असतें.

गव्हाच्या दाण्याचे मुख्य भाग तीन : कोंडा, पिठूळ गर आणि अंकुर. कोंडा व अंकुर काढून टाकले, म्हणजे शंभर शेर गव्हाचें सुमारें ७० ते ७५ शेर पांढरें पीठ होतें. तें शुभ्र दिसतें, अधिक दिवस टिकतें आणि त्यांत प्रथिनेंही बरींच राहतात. मात्र ब-१ जीवनसत्त्व, लोह व चोथा यांचा मोठा वांटा कोंड्या-अंकुराबरोबर निघून जातो.

ज्याच्या ताटांत दूध, कडधान्यें व भाजी आहे, त्याला ही उणीव फारशी जाणवत नाहीं. ज्याचें पोट मुख्यतः पावावरच भरतें, त्याला ती बाधते. युद्धकाळीं, १९४२ सालीं, ब्रिटनमध्यें ८५ टक्के उताऱ्याच्या पिठाचा ‘राष्ट्रीय पाव’ सुरू झाला. तो १९५६ पर्यंत चालला. आज तेथें पांढऱ्या पिठांत लोह, कॅल्शियम व ब वर्गांतील कांहीं जीवनसत्त्वें मिसळणें कायद्यानें आवश्यक आहे. पण गेलेला चोथा त्यानें परत येत नाहीं.

यास्तव आयतें पीठ घेणाऱ्यानें वेष्टनावरील घटक व मिठाचें प्रमाण वाचावें, आणि पावाच्या जोडीला वाटाणे, घेवडा किंवा पालेभाजी अवश्य ठेवावी. पावाची शुभ्रता डोळ्यांना सुखविते. शरीराचा हिशेब निराळा असतो.