लांब मालासाठी रॅक
वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांत सहा मीटरचे पाइप आणि अँगल नेहमीच येतात. ते खोक्यांच्या रॅकमध्ये कोंबू नका. पुढचे खांब आडवे येतात, माल तिरका ओढावा लागतो, कामगाराची बोटं सापडतात. इथे कॅन्टिलिव्हर रॅकच हवा: खांब फक्त मागे, पुढे मोकळे बाहू. लवचिक पाइपला दोन बाहू पुरत नाहीत, मध्ये झोळ पडतो. दोन-दोन मीटरवर तीन बाहू घ्या, म्हणजे दोन्ही टोकांना एकेक मीटरच बाहेर राहील. बाहूची सांगितलेली क्षमता भार सारखा पसरला असं धरून असते. सगळं वजन टोकाशी आलं तर बाहू वाकू शकतो. जड गठ्ठे खाली ठेवा. आणि खरेदीआधी फोर्कलिफ्टला माल घेऊन वळायला किती जागा लागते, ते मोजाच.